कोरड्या दिवसांतला ओढ्याचा प्रवाह टक्क्याने धरू नका, मोजा

प्रति,
भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मराठवाड्यातील अधिकारी,
गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ,
आणि पाणलोटांचे ताळेबंद व मॉडेल तयार करणारे अभियंते, सल्लागार, संस्था

विषय : पावसाळ्यानंतर ओढ्या-नद्यांत येणारा भूजलाचा वाटा

स.न.वि.वि.

आपल्याकडे पाणलोटांचे भूजल मूल्यांकन जीईसी-२०१५ या, म्हणजे भूजल अंदाज समितीच्या, पद्धतीने होते. त्या समीकरणात बेसफ्लोला, म्हणजे पाऊस उघडल्यावर जमिनीतून पाझरून ओढ्यात येणाऱ्या पाण्याला, स्वतंत्र जागा आहे. मोजमाप नसेल तर तिथे ठोक वजावट करण्याची मुभाही आहे : पुनर्भरण पाणीपातळीच्या चढउतारावरून काढले असेल तर त्याच्या ५ टक्के, पावसाच्या अंतःसरण गुणांकावरून (पावसाचा किती टक्के भाग जमिनीत मुरतो त्यावरून) काढले असेल तर १० टक्के. लहान ओढ्यांची मोजमापे मराठवाड्यात जवळपास नसल्यामुळे ही मुभाच नियम होऊन बसली आहे. त्याच पाणलोटात एके वर्षी पद्धत बदलली की ओढ्याला जाणारे पाणी कागदावर एकदम दुप्पट किंवा निम्मे होते. ओढ्याला याची खबर नसते.

आकडा दरवेळी खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही. ७०० मिमी पाऊस, झिजलेल्या बेसाल्टसाठी ७ टक्के गुणांक, म्हणजे ४९ मिमी पुनर्भरण, त्याचे १० टक्के ४.९ मिमी. एखाद्या बऱ्या साली हे खऱ्याच्या जवळ जाईलही. पण या आकड्याला तारीख नाही. ओढा दिवाळीत आटला, संक्रांतीपर्यंत टिकला की होळीपर्यंत वाहिला, हे त्यात दिसत नाही आणि गावाचा टँकर कधी लागणार हे त्या तारखेवर ठरते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या वेळी मांजरा धरण कोरडे होते. पुढच्याच पावसाळ्यात पाऊस भरपूर झाला. दोन्ही सालांना वजावटीचा टक्का एकच.

मग ताळेबंदातल्या बाकी सगळ्या गोष्टी वजा करून बेसफ्लो काढावा, असे सुचवले जाते. तेही जमत नाही, आणि का जमत नाही ते साध्या गणितात दिसते. १०० चौरस किलोमीटरचा पाणलोट घ्या. ओढ्याला सरासरी ५० लिटर प्रतिसेकंद असे १०० दिवस पाणी आले, तर एकूण ०.४३ दलघमी (दशलक्ष घनमीटर) झाले, पाणलोटभर पसरले तर ४.३ मिमी. त्याच पाणलोटात १,५०० हेक्टर रब्बी विहिरींवर असेल आणि हंगामभरात ३० सेंमी पाणी दिले जात असेल, तर उपसा ४.५ दलघमी. विहिरींची संख्या गुणिले सरासरी तास या पद्धतीच्या उपशात १० टक्केच चूक निघाली तर तो हिशोब उत्तमच म्हणायचा. पण तेवढी चूकही ०.४५ दलघमी होते. ओढ्याचे सगळे पाणी त्या एका चुकीत बसते. स्पेसिफिक यील्डचे, म्हणजे पातळी उतरताना खडकातून प्रत्यक्ष किती टक्के पाणी सुटते याचे, तसेच. आपल्या बेसाल्टसाठी २ टक्के धरतात, पण मान्य मर्यादाच १ ते ३ टक्के आहे. पातळी २ मीटर उतरली तर सुटलेले पाणी २० मिमी की ६० मिमी, हे सांगता येत नाही. चार-पाच मिमीचा प्रवाह अशा वजाबाकीतून हाती लागणार नाही.

उलट दिशेने मात्र काम होते. सप्टेंबरअखेर पाऊस उघडल्यावर रब्बीचे पंप जोरात सुरू व्हायला काही दिवस लागतात. त्या मधल्या कोरड्या आठवड्या-दोन आठवड्यांत ओढ्यातून २.४ मिमी पाणी गेले आणि निरीक्षण विहिरींची पातळी सरासरी १५ सेंमी उतरली, तर स्पेसिफिक यील्ड निदान १.६ टक्के निघते. निदान अशासाठी की काठची झाडे आणि वाळूखालून जाणारे पाणी यात धरलेले नाही. म्हणजे ओढा नीट मोजला तर संपूर्ण ताळेबंदातला सर्वांत संशयास्पद गुणांक पक्का व्हायला मदत होते. आमचा आग्रह मुख्यतः यासाठीच आहे.

मोजायचे कसे, यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण बिघडते ते इथेच. मोठ्या नद्यांवरची मापन केंद्रे पुरासाठी उभारलेली आहेत. पन्नास-साठ मीटर रुंद पात्रात डिसेंबरात पाणी एका कडेने दगडांतून वाट काढत असते. पातळीपट्टीवरच्या एका सेंटिमीटरात प्रवाह निम्मा होतो की दुप्पट, ते कळत नाही. पातळी-प्रवाह वक्राचे खालचे टोक बहुतेक वेळा वरच्या मापांवरून ताणून काढलेले असते. ओढ्यावर ९० अंशांची व्ही-नॉच, म्हणजे V आकाराची खाच पाडलेला पत्रा, आडवी लावा. तिचे सूत्र : प्रवाह घनमीटर प्रतिसेकंदात = १.३८ गुणिले मीटरमधल्या उंचीचा २.५ वा घात. उंची १० सेंमी असेल तर ४.४ लिटर, ११ सेंमीला ५.५ लिटर, २० सेंमीला साधारण २५ लिटर प्रतिसेकंद. म्हणजे १० सेंमीवर एका सेंटिमीटरची चूक पाव हिस्सा प्रवाह खाते. पट्टी मिलिमीटरची हवी, आणि तिचे शून्य नॉचच्या टोकाशी लेव्हलने जुळवलेले हवे, नजरेने नाही. उंची नॉचच्या तोंडाशी वाचायची नसते, कारण पाणी तिथे खाली वाकलेले असते. निदान उंचीच्या चौपट अंतर मागे सरकून वाचावी. धार पत्र्याला चिकटून उतरत असेल किंवा खालचे पाणी नॉचपर्यंत चढले असेल तर सूत्र लागू पडत नाही. शेवाळ तर दर आठवड्याला काढावेच लागते.

सगळ्यात मोठी गळती पत्र्याखालून असते. मुरमाच्या तळावर पत्रा ठोकला तर निम्मे पाणी खालून निघून जाते आणि नोंदवहीत ओढा लवकर आटतो. म्हणून जागा अशी निवडावी की पात्रात काळा पाषाण आडवा उघडा पडलेला असेल. तिथे मुरमातून सरकणारे पाणीही वर यायला भाग पडते. पत्र्याच्या बुडाला आणि दोन्ही काठांत चिकणमाती घट्ट ठासावी.

जिथे नॉच बसत नाही तिथे मीठ चालते. २० लिटर प्रतिसेकंदाच्या आसपासच्या प्रवाहाला अर्धा किलो मीठ बादलीत पूर्ण विरघळवून एकदम ओतायचे, पात्राच्या रुंदीच्या २५ पट खाली जाऊन ईसी मीटरने दर ५ सेकंदांना विद्युतवाहकता नोंदवायची आणि ती मूळ पातळीवर परतेपर्यंत थांबायचे. वाढलेल्या वाहकतेचे मिठाच्या प्रमाणात रूपांतर त्याच ओढ्याच्या पाण्यात करून घेतलेल्या तक्त्यावरून करावे, पुस्तकातल्या गुणकावरून नाही. मध्ये डोह असेल तर मीठ त्यात अडकून राहते आणि प्रवाह आहे त्याहून वेगळा दिसतो. दोन लिटरच्या खालचा प्रवाह असेल तर बादली आणि स्टॉपवॉचइतके खात्रीचे काही नाही.

वेळेचा मुद्दा सहसा सुटतो. शेतीची थ्री फेज लाइट पाळीने येते. दिवसाच्या पाळीत दुपारी घेतलेले माप आणि रात्रीची पाळी चालू असताना घेतलेले माप एकाच रेषेवर ठेवले, तर ओढा चढतो-उतरतो असे दिसते. तो फरक फीडरचा असतो. माप दर आठवड्याला त्याच वारी, सूर्योदयाला घ्या आणि शेजारी आदल्या २४ तासांतली लाइटची वेळ लिहा. उन्हाचेही गणित करावे लागते : मे महिन्यात बाष्पीभवन रोज १० मिमी धरले तर १० मीटर रुंद पात्राच्या प्रत्येक किलोमीटरमागे दिवसाला १०० घनमीटर, म्हणजे सव्वा लिटर प्रतिसेकंदाच्या जवळपास पाणी हवेत जाते. त्या काळात ओढा वाहत असलाच तर तोच दोन लिटरचा असतो.

हंगामात एकदा, निदान दहा दिवस पाऊस नसताना, उगमापासून संगमापर्यंत एकाच दिवशी सलग मापे घ्यावीत. बालाघाटाच्या उतारावरच्या ओढ्यांत हे फार बोलके ठरते. आपला खडक थरांचा आहे : वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (छिद्राछिद्रांचा बेसाल्ट), खाली घट्ट काळा पाषाण, आणि लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे तांबडा गेरू. मांजऱ्यातून आडवे आलेले पाणी गेरूवर अडते आणि ओढ्याने तो थर कापला असेल तिथेच बाहेर पडते. त्यामुळे दोन किलोमीटर प्रवाह जसाच्या तसा राहतो आणि मग शे-दोनशे मीटरमध्ये दुप्पट होतो. डिसेंबरातल्या पहाटे साधा थर्मामीटर घेऊन फिरले तरी अशा जागा सापडतात, कारण जमिनीतले पाणी त्या वेळी ओढ्याच्या पाण्यापेक्षा स्पष्टपणे कोमट असते. या जागा नकाशावर न टिपता पाणलोटभर एकसारखा पाझर धरला, तर मॉडेल कितीही महाग सॉफ्टवेअरमध्ये केलेले असो, बंधारा चुकीच्या जागी सुचवेल.

कोरड्या दिवसांत वाहणारे सगळेच पाणी भूजलाचे नसते, हेही आधी तपासावे. खाम नदी संभाजीनगरातून बाहेर पडते तेव्हा उन्हाळ्यातल्या तिच्या प्रवाहात शहराचे सांडपाणी असते. तिला बारमाही धरून बेसफ्लो काढणे म्हणजे नळपाणी योजनेचे मोजमाप करणे. जायकवाडी आणि माजलगावच्या लाभक्षेत्रात कालव्याचा पाझर आणि भिजवलेल्या शेतांतले परतीचे पाणी नाल्यांत येते. पाणीपाळीच्या तारखा शेजारी ठेवल्या तर पाळीनंतर काही दिवसांनी प्रवाहाला आलेला फुगवटा ओळखता येतो. क्लोराइड, नायट्रेट आणि वाहकता जवळच्या विहिरींच्या पाण्याशी ताडून पाहिली तरी बराच उलगडा होतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे दरवाजे ऑक्टोबरात बसवले की खालचे माप एका रात्रीत कोसळते आणि बंधारा भरल्यावर पुन्हा सावरते. दरवाजांची तारीख नोंदवलेली नसेल तर ही घट उपशाच्या नावावर जाते.

आता मॉडेलकडे. जलालेखातून, म्हणजे प्रवाहाच्या तारखेवार आलेखातून, बेसफ्लो वेगळा काढायला हल्ली एकहार्टचा फिल्टर हे गणिती सूत्र सर्रास वापरतात. त्याला दोन किमती लागतात, उताराचा (प्रवाह रोज किती पटीने घटतो त्याचा) स्थिरांक आणि एकूण प्रवाहातला बेसफ्लोचा कमाल वाटा. कमाल वाट्यासाठी एकहार्ट यांनी २००५ मध्ये तीन किमती सुचवल्या : सच्छिद्र जलधरावरच्या (पाणी धरणाऱ्या थरावरच्या) बारमाही ओढ्यांना ०.८०, सच्छिद्र जलधरावरच्या हंगामी ओढ्यांना ०.५०, कठीण खडकावरच्या बारमाही ओढ्यांना ०.२५. आपले ओढे कठीण खडकावरचे आणि हंगामी. हा चौथा कप्पा त्या यादीत नाहीच. तरी अहवालात ०.२५ किंवा ०.५० बिनदिक्कत टाकले जाते, आणि निघालेले उत्तर म्हणजे मुख्यतः आपणच टाकलेला आकडा असतो.

त्यापेक्षा उताराचा वक्र स्वतः काढावा. पावसाविना दिवसांतले प्रवाह अर्ध-लॉग आलेखावर तारखेसमोर मांडा. आजचा प्रवाह कालच्या ०.९६ पट असेल तर तो १७ दिवसांत निम्मा होतो; ०.९० पट असेल तर सात दिवसांच्या आत. स्थिरांक ०.९६ आणि सुरुवातीचा प्रवाह १०० लिटर प्रतिसेकंद असेल, तर त्या क्षणी ओढ्यासाठी उपलब्ध साठा सुमारे ०.२१ दलघमी, म्हणजे १०० चौरस किलोमीटरवर जेमतेम २.१ मिमी. आलेखाची रेषा सरळ क्वचितच येते, आणि ती कुठल्या बाजूला वाकते ते महत्त्वाचे. दिवसागणिक उतार मंदावत असेल तर साठे दोन आहेत : मुरूम-मांजऱ्यातला झटपट रिकामा होणारा आणि खालच्या भेगांतला सावकाश सुटणारा. उतार तीव्र होत जाऊन रेषा खाली कोसळत असेल तर ते काम पंपांचे आणि काठच्या झाडांचे. आपल्याकडे ऑक्टोबरात पहिला प्रकार आणि पेरण्या होऊन पंप लागले की दुसरा, असे एकाच वर्षी दिसू शकते. सगळ्या बिंदूंतून एकच रेषा मारली की दोन्ही गोष्टी पुसल्या जातात.

घातांकी उताराचा दुसरा दोष असा की तो शून्याला कधीच पोचत नाही. आपला ओढा पोचतो. म्हणून मॉडेलमध्ये साठा हा बुडाच्या वर, मध्यावर तोटी असलेल्या रांजणासारखा मांडावा. आजचा साठा = कालचा साठा + पुनर्भरण − उपसा − झाडांनी ओढलेले पाणी − ओढ्याला गेलेले पाणी. ओढ्याला गेलेले = गुणांक × (साठा − तोटीची पातळी), आणि साठा तोटीखाली गेला की ते शून्य. उपसा मात्र तोटीखालीही चालूच राहतो. दैनंदिन पाऊस आणि उपशाचा अंदाज असेल तर हे साध्या स्प्रेडशीटमध्ये बसते.

या एका बदलाने जे दिसते ते टक्केवारीत कधी दिसणार नाही. समजा मेअखेर साठा तोटीच्या ३० मिमी खाली आहे. पावसाळ्यात ४९ मिमी पुनर्भरण झाले तर त्यातले ३० मिमी खड्डा भरण्यात जातात आणि ओढ्यासाठी फार तर १९ मिमी उरतात. खड्डा ६० मिमीचा असेल, म्हणजे २ टक्के यील्डने पातळी पात्राच्या ३ मीटर खाली असेल, तर तेवढ्याच पावसात ओढ्याला पावसाळ्यानंतर काहीच येत नाही. पाऊस सरासरीइतका, वजावट १० टक्के, ओढा कोरडा. म्हणजे उन्हाळी उपशाचा परिणाम त्या उन्हाळ्यातल्या प्रवाहावर नसतो, कारण तेव्हा प्रवाह नसतोच. तो पुढच्या ऑक्टोबरात दिसतो. बोअरवेलने खालच्या भेगा रिकाम्या होत असतील तर दुसऱ्या रांजणाला वेगळी तोटी आणि वेगळा उपसा द्यावा, एवढेच.

ज्यांना मॉडफ्लो हे भूजलाचे सॉफ्टवेअर वापरायचे आहे त्यांनी त्यातले रिव्हर पॅकेज टाळावे. त्यात भूजलपातळी पात्राच्या बुडाखाली गेली की नदीतून जमिनीत ठरावीक दराने पाणी मुरत राहते, मग नदीत थेंब नसला तरी. कोरड्या ओढ्यातून जलधराला फुकटचे पाणी मिळते आणि विहिरी कागदावर भरतात. ड्रेन पॅकेज किंवा प्रवाहाचा हिशोब ठेवणारे स्ट्रीमफ्लो राउटिंग वापरावे. स्वॅट या पाणलोटाच्या मॉडेलमध्ये विहिरींचा उपसा आपण स्वतः घातल्याशिवाय जलधरातून वजा होत नाही. शिवाय भूजलाचा विलंब ३१ दिवस ही आयती किंमत तशीच ठेवलेली आढळते. आणि मॉडेल जुळवताना मोजलेला आणि मॉडेलचा प्रवाह किती जुळतो हे सांगणारा फक्त नॅश-सटक्लिफ निर्देशांक पाहू नये. तो दोहोंतल्या फरकांच्या वर्गांवर चालतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या दोन पुरांत चांगला जुळला की कोरडे आठ महिने कसेही असले तरी गुण मिळतात. तो लॉग प्रवाहांवर काढावा. शून्याचा लॉग निघत नाही, तेव्हा ओढा आटल्याची तारीख ही स्वतंत्र कसोटी ठेवावी. मॉडेलची तारीख दहा-बारा दिवसांत जुळली तर आम्ही त्याला चांगले म्हणू.

नाला खोलीकरणाबाबत थोडक्यात. पात्र दोन मीटर खोल केले म्हणजे तोटी दोन मीटर खाली आणली. पहिल्या वर्षी ओढा जोरात वाहतो, कामाचे फोटोही चांगले येतात, पण ते पाणी शेजारच्या उथळ विहिरींतून निथळलेले असते. मुरूम कापून मांजऱ्या उघडा पाडला असेल तर जास्तच. खालच्या बाजूला ते अडत असेल तर हिशोब वेगळा. कुठे अडते आणि कोणाच्या विहिरीतून येते, हे काम मंजूर करण्याआधी याच स्प्रेडशीटमध्ये तोटीचा आकडा बदलून पाहता येईल.

आमची मागणी मोठी नाही. मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात वर मोठे धरण नसलेला, १०० ते २०० चौरस किलोमीटरचा एक ओढा निवडावा. बालाघाटाचा उतार, अजिंठ्याच्या रांगेचा उतार आणि गोदाकाठची खोल काळी माती हे तिन्ही प्रकार त्यात यावेत. तुलनेसाठी एक ओढा मुद्दाम कालव्याच्या लाभक्षेत्रातला घ्यावा. ऑक्टोबरपासून आटेपर्यंत साप्ताहिक माप, सलग तीन वर्षे. यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजल्या जातात. आपल्या बहुतेक लहान ओढ्यांचा सगळा उतार पहिल्या दोन वाचनांच्या मध्येच होऊन जातो. निवडलेल्या पाणलोटात काठाजवळच्या पाच-सहा विहिरी तरी पंधरवड्याला मोजाव्यात, पंप बंद होऊन काही तास गेल्यावर. नोंदी सर्वांना खुल्या असाव्यात, आणि त्यांत ओढा कोरडा असेल तिथे शून्य लिहावे, माप झाले नसेल तिथे रकाना रिकामा ठेवावा. या दोहोंची सरमिसळ झालेली वही नंतर कोणालाच वापरता येत नाही.

नॉचच्या जागा मात्र मे महिन्यातच पाहून ठेवाव्या लागतील. पात्रातला काळा पाषाण कुठे आडवा आहे ते तेव्हाच उघडे दिसते, आणि पत्रा बसवायचे काम पूर ओसरल्यावर सप्टेंबरअखेरीच्या आठवड्यात उरकावे लागते.

आपले,
मराठवाड्यात भूजल आणि जलविज्ञानाचे काम करणारे काही जण